गाईड बाजूला ठेवून कविता



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कविता माझा प्रांत नाही. शाळेत कविता म्हणजे ‘संदर्भासह स्पष्टीकरण’. गाईडमधले उत्तर पाठ केले, गुण मिळाले, कविता विसरलो. पण रविवारी वस्तीतल्या मुलांना इंग्रजी शिकवताना एका कादंबरीने मला पुन्हा कवितेकडे नेले.

डेव्हिड आल्मंड या ब्रिटिश लेखकाची ‘स्केलिग’ ही १९९८ सालची कादंबरी. मायकल नव्या घरात राहायला आलाय. त्याची तान्ही बहीण हृदयाच्या आजाराने अत्यवस्थ आहे. पडक्या गॅरेजमध्ये त्याला एक विचित्र प्राणी सापडतो. धुळीने माखलेला, माशा खाणारा, पाठीवर पंख असलेला. शेजारची मिना शाळेत जात नाही, आई तिला घरीच शिकवते. ती पाखरांची घरटी न्याहाळते आणि विल्यम ब्लेकच्या कविता म्हणते.

कादंबरीत बाळाला शेवटपर्यंत नाव नसते. मी तिथे थांबून विचारले, का बरे?

एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडे सातव्या दिवशी नाव ठेवतात. यांनी का नाही ठेवलं?”

मागून एक मुलगी हळूच म्हणाली, “जगेल की नाही, याची भीती वाटत असेल.”

वर्ग शांत झाला. मग आम्ही शेवट वाचला. बाळ वाचते आणि त्याचे नाव ठेवतात ‘जॉय’, म्हणजे आनंद. त्यानंतरच मी ब्लेकची ‘इन्फंट जॉय’ काढली. १७८९च्या संग्रहातली, दोन दिवसांच्या बिननावाच्या बाळाची छोटीशी कविता. अर्थ सांगावा लागला नाही. आधी कविता दिली असती, तर मुलांनी फक्त शब्दार्थ उतरवून घेतले असते.

एक सावधगिरी मात्र हवी. ब्लेकच्या ‘द स्कूलबॉय’मध्ये शाळेत कोंडलेले मूल पिंजऱ्यातल्या पाखरासारखे आहे. मिनाला हे पटते. पण मायकल शाळेत जातो, तिथे मित्रांबरोबर फुटबॉल खेळतो, हेही मुलांना दाखवा. ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी शाळा हाच आधार आहे. शिवाय ब्लेकची पत्नी कॅथरिन हिने लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली मारली होती. ब्लेकने तिला लिहायला-वाचायला शिकवले. पुढे ती त्याच्या छपाईच्या कामात मदत करू लागली. शाळेवर टीका करणारा हा कवी शिक्षणाच्या विरोधात नव्हता.

तेव्हा तुम्ही शिकवाल, तेव्हा आधी मुलांना प्रश्न पडू द्या. कविता त्यानंतर वाचा.