सूची कुणाच्या हातात?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अमेरिकेच्या इतिहासाच्या संदर्भसूच्या आणि संशोधनाची नियतकालिकं! इथं पोटाला चटका, डोक्यावर छप्पर नाही, आणि हा गडी ग्रंथालयातल्या कपाटाच्या गोष्टी सांगतोय. सांगतोय. कारण त्या कपाटात एक भांडण चालू आहे. ते आपल्या भांडणाचं सख्खं भावंड आहे.

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आलं ते 1966 साली ऑकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे नातं जुनं आहे. पण त्या माणसांचा इतिहास आपण किती वाचला? भाषणात लिंकन येतो, किंग येतो, माल्कम एक्स येतो. टाळ्या पडतात. मग सभेतला एखादा शहाणा उठतो आणि विचारतो, "पुरावा काय?" आणि आपण गप्प. आज त्या गप्प बसण्यावर बोलायचंय.

एकच प्रश्न घेऊ. यादवी युद्ध 1865 ला संपलं. तिथून 1877 पर्यंतच्या काळाला तिकडे पुनर्रचनेचा काळ म्हणतात. कालचे गुलाम मतदार झाले, आमदार झाले. त्या काळात सोळा काळी माणसं अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये पोचली. जॉन रॉय लिंच त्यातलाच एक. 1863 पर्यंत तो मिसिसिपीत गुलाम होता. 1872 मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाचा सभापती झाला. 1873 साली, म्हणजे फुल्यांचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी तो काँग्रेसमध्ये गेला. आता प्रश्न असा की सत्ता हातात आल्यावर या माणसांनी काय केलं?

गोऱ्या विद्वानांनी उत्तर तयार ठेवलं होतं. वाटोळं केलं म्हणे. लायकी नव्हती, अक्कल नव्हती, लुटालूट केली, राज्यकारभाराचा दर्जा घसरला. ओळखीचं वाटतंय ना? राखीव जागांचं नाव काढा, हेच शब्द आपल्या कानात शिश्यासारखे ओततात. आणि हे लिहिणारे कुणी गल्लीतले भुरटे नव्हते. कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी या मताचा एक पंथच उभा केला. 1913 साली डनिंग अमेरिकेच्या इतिहासकार संघटनेचे अध्यक्ष होते. त्याच साली त्याच विद्यापीठाच्या पायऱ्या साताऱ्याच्या शाळेत वर्गात वेगळा बसवलेला एक तरुण चढत होता. भीमराव रामजी आंबेडकर.

दुसरे जेम्स फोर्ड ऱ्होड्स. कोळसा आणि लोखंडाच्या धंद्यात गबर झाले, धंदा सोडला आणि इतिहास लिहायला बसले. सात खंड लिहिले, 1906 पर्यंत. पुनर्रचनेबद्दल त्यांचंही मत तेच. 1918 मध्ये त्यांना यादवी युद्धाच्या इतिहासावरच्या पुस्तकासाठी पुलित्झर मिळालं.

आता पलीकडची बाजू बघा. कार्टर वुडसन. आईबाप गुलामीत जन्मलेले. पोरगा वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीत राबला, उशिरा शिकला आणि 1912 साली हार्वर्डचा डॉक्टर झाला. 1915 मध्ये त्यानं शिकागोत काळ्यांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली. जानेवारी 1916 मध्ये 'जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी'चा पहिला अंक काढला. एकीकडे कोळशाच्या धंद्याचा मालक, दुसरीकडे कोळशाच्या खाणीतला मजूर. इतिहास कुणी लिहायचा, याचं भांडण या दोघांत सगळं दिसतं.

ऑक्टोबर 1917 च्या अंकात वुडसननं एक लेख छापला. लेखक जॉन रॉय लिंच. विषय, ऱ्होड्सच्या इतिहासातल्या चुका. जो माणूस त्या विधिमंडळात सभापतीच्या खुर्चीत बसला होता, तो सत्तरीत पेन उचलून त्या इतिहासकाराला मुद्द्यामुद्द्यानं जाब विचारतोय. पुढे ए. ए. टेलर यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या पुनर्रचनेवर संशोधन केलं, तेही याच नियतकालिकात आलं आणि 1924 साली पुस्तक झालं. ज्यांना नालायक म्हटलं त्यांनी तिथं सार्वजनिक शाळांचा पाया घातला, हे पुराव्यानिशी मांडण्याचं काम अशा छोट्या खपाच्या अंकांनी केलं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही ऱ्होड्सचं पुस्तक वाचलंत. त्याला लिंचनं उत्तर दिलंय, हे तुम्हाला कळणार कसं? पुस्तक कपाटात मांडलेलं दिसतं. नियतकालिकातला लेख बांधीव खंडाच्या पोटात गाडलेला असतो. त्याला बाहेर काढणारं हत्यार म्हणजे सूची.

हे दुखणं ओळखलं विल्यम पूल नावाच्या येलच्या विद्यार्थ्यानं. 1848 साली त्यानं नियतकालिकांतल्या लेखांची विषयवार सूची छापली. 1882 मध्ये तिची जाडजूड आवृत्ती निघाली. 1901 पासून विल्सन कंपनीचं 'रीडर्स गाइड' सुरू झालं. 1954 साली 'हार्वर्ड गाइड टू अमेरिकन हिस्टरी' निघालं, 1974 मध्ये ते सुधारून दोन खंडांत आलं. कुठल्या विषयाला कुठनं हात घालायचा, हे ते सांगतं. 1964 मध्ये 'अमेरिका: हिस्टरी अँड लाइफ' सुरू झालं. त्यात लेखाच्या नावाबरोबर गोषवाराही असतो, म्हणजे लेख मिळवायची धडपड करण्याआधी तो कामाचा आहे की नाही ते कळतं. आज ते संगणकावर आहे, पण पैसे भरणाऱ्या ग्रंथालयांसाठी.

नियतकालिकांचीही ओळख करून घ्या. 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू' 1895 चं. 'मिसिसिपी व्हॅली हिस्टॉरिकल रिव्ह्यू' 1914 चं, 1964 पासून त्याचं नाव 'जर्नल ऑफ अमेरिकन हिस्टरी'. वसाहतींच्या काळासाठी 'विल्यम अँड मेरी क्वार्टरली'. दक्षिणेसाठी 1935 पासूनचं 'जर्नल ऑफ सदर्न हिस्टरी'. आणि वुडसनचं, जे 2002 पासून 'जर्नल ऑफ आफ्रिकन अमेरिकन हिस्टरी' या नावानं निघतं.

पण दोस्तहो, सूची म्हणजे काही देवाची वही नव्हे. ती माणसं करतात. आणि माणसांना जात असते, रंग असतो.

डॉ. डू बॉइस यांचंच घ्या. हार्वर्डचा पहिला काळा डॉक्टर. 1910 साली 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू'नं पुनर्रचनेच्या फायद्यांवरचा त्यांचा लेख छापला. रोमन लिपीत समाजाचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू करतात. डू बॉइस म्हणाले, निग्रो शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा. संपादक जेम्सन म्हणाले, नाही. एका अक्षराचा मान द्यायला हात आखडला! 1935 साली डू बॉइसनी 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा सातशेवर पानांचा ग्रंथ लिहिला. त्या नियतकालिकानं त्याचं परीक्षणसुद्धा छापलं नाही. ते छापलं 2022 साली. सत्त्याऐंशी वर्षं! तोवर लेखकाला जाऊनही एकोणसाठ वर्षं झाली होती. त्या काळात कुणी फक्त त्या नियतकालिकाची परीक्षणं चाळली असती, तर त्याला वाटलं असतं असं पुस्तकच नाही.

ग्रंथालयातही तेच. हॉवर्ड विद्यापीठात 1930 पासून डोरोथी पोर्टर काम करायला लागल्या. त्यांनी पाहिलं की, ड्यूईच्या दशांश पद्धतीत काळ्यांची पुस्तकं दोनच आकड्यांखाली ढकलतात: 325 म्हणजे वसाहती आणि स्थलांतर, 326 म्हणजे गुलामगिरी. काळ्या माणसानं कविता लिहिली तरी तिला कवितेत जागा नाही. कपाटातसुद्धा गावकुसाबाहेर! पोर्टरबाईंनी ते मोडलं. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, आपापल्या विषयात पुस्तकं लावली. बाईंनी दगड मारला नाही, घोषणा दिली नाही. पुस्तकांवरचे आकडे बदलले. हेही बंड आहे.

मग काळ्यांनी आपल्या सूच्याच काढल्या. टस्कीगीच्या मनरो वर्कनं 1928 मध्ये सतरा हजार नोंदींची ग्रंथसूची छापली. 1950 पासून ओहायोतल्या हॅली क्यू. ब्राउन ग्रंथालयानं काळ्यांच्या नियतकालिकांची वेगळी सूची सुरू केली. दुसऱ्याच्या वहीत नाव नाही, तर आपली वही शिवायची.

आता कामाला कसं लागायचं ते सांगतो. लिहून घ्या.

पहिलं, प्रश्न बारीक करा. 'काळ्यांचा इतिहास' हा प्रश्न नाही. 'मिसिसिपीत 1870 ते 1875 मध्ये शाळा कुणी काढल्या' हा प्रश्न आहे.

दुसरं, त्या काळचा शब्द ओळखा. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांत 1976 पर्यंत 'निग्रोज' होतं, मग 'आफ्रो-अमेरिकन्स' आलं, 2000 पासून 'आफ्रिकन अमेरिकन्स'. जुन्या छापील सूचीत आजचा शब्द शोधाल तर रिकाम्या हातानं परत याल. जुना शब्द तोंडात घ्यायला कडू लागतो. पण कुलूप जुनं असेल तर किल्लीही जुनीच लागते.

तिसरं, एका बाजूचं वाचून उठू नका. एकाच पुस्तकाची दोन नियतकालिकांतली परीक्षणं शेजारी ठेवा. एकानं मौन पाळलं असेल तर त्या मौनाचीही नोंद करा.

चौथं, तळटीप वाचा. वरचा मजकूर लेखकाचं मत सांगतो, त्यानं कुणाला विचारलं आणि कुणाला विचारलंच नाही हे खालची टीप सांगते. मालकाची पत्रं दहा आणि गुलामाचा शब्द एकही नाही, तर समजून जा. गुलामांचा शब्द आहे, मित्रांनो. 1936 ते 1938 मध्ये सरकारी लेखकांनी पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजार तीनशेवर माणसांच्या मुलाखती घेतल्या. काँग्रेस ग्रंथालयानं त्या सर्वांना खुल्या केल्यात. त्याही डोळे उघडे ठेवून वाचा. विचारणारे बहुतेक गोरे होते, आणि गोऱ्यापुढं म्हातारा माणूस किती खरं बोलेल, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पैसे नाहीत, असं म्हणाल. 'जेस्टोर' या संग्रहानं अमेरिकेत 1923 च्या आधी छापलेले लेख सगळ्या जगाला फुकट वाचायला ठेवलेत. म्हणजे वुडसनच्या नियतकालिकाची पहिली सात वर्षं, लिंचच्या त्या लेखासकट, तुमच्या खिशातल्या मोबाइलवर येतात. रिळं बघता त्याच मोबाइलवर.

आता एक इशारा. तिकडचा इतिहास उचलून इथं जसाच्या तसा चिकटवू नका. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांतला फरक बाबासाहेबांनी स्वतः मांडून ठेवलाय. 1946 मध्ये त्यांनी डू बॉइसना पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. जुलैअखेर डू बॉइसचं उत्तर आलं. हा पत्रव्यवहार आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात कुणालाही बघता येतो. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी नुसती सहानुभूती कळवली नाही. कागद मागितला. मूळ कागद.

आणि हेही लक्षात घ्या. वुडसननं पहिला अंक काढला त्याच 1916 सालच्या 9 मे रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. तो 1917 मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधनाच्या नियतकालिकात छापून आला. पंचविशीतल्या महाराच्या पोरानं विद्वानांच्या अंगणात जाऊन आपली नोंद केली. त्या नोंदीमुळंच तो लेख आज सापडतो.

आता आपल्याकडे बघा. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक ग्रंथरूपात आले, बरं झालं. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातले आपले अनियतकालिक अंक, पत्रकं, मोर्च्याचे जाहीरनामे कुठं आहेत? कुणाच्या पत्र्याच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर, पावसात भिजलेले, वाळवीनं खाल्लेले. त्यांत कुणी काय लिहिलं, कुठल्या अंकात, कुठल्या पानावर, याची सूची किती जणांकडे आहे? उद्याचा ऱ्होड्स जन्मला असेल. तो लिहील की, ही पोरं नुसती दंगा करत होती. तेव्हा आपल्या लिंचचा लेख कुठं शोधायचा?

म्हणून ठराव-बिराव नको, काम सांगतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं घरातला, चाळीतला, ओळखीच्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याकडचा एक तरी जुना अंक हुडकायचा. अंक मागू नका, लोक देणार नाहीत, आणि का द्यावेत? त्याच्या घरी बसूनच पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा: लेखाचं नाव, लेखक, अंकाचं नाव, महिना, साल, पान, विषय, आणि अंक कुणाकडे आहे. एका लेखाला एक कार्ड. बायांनी लिहिलेलं काही सापडलं तर ते आधी लिहा, कारण तेच सगळ्यांत आधी गहाळ होतं. विषयाचे शब्द आपले ठेवा. नामांतर, गायरान, सफाई कामगार, झोपडपट्टी, मोर्चा. आपलं दुःख दुसऱ्याच्या 326 नंबरखाली ठेवायचं नाही.

शंभर कार्डं झाली की आपली पहिली सूची याच मासिकातून छापू. अंक कमी पानांचा झाला तरी चालेल.

जयभीम.