दोन ओझी : चरवी आणि मोळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी मंडळाने मला आज्ञा केली आणि विषयही नेमून दिला : ‘आपल्या गावची जुनी राहणी आणि कष्ट’. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून त्यातली दोनच ओझी मी निवडली आहेत. एक दुधाच्या चरवीचे आणि दुसरे लाकडाच्या मोळीचे. बेलपाड्याच्याच नव्हे, तर खाडी आणि डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या पनवेलकडच्या सगळ्याच गावांतल्या बायकांनी ही ओझी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. परंतु त्या वाहणाऱ्या बाईला कोणी विचारले, “तुम्ही काय करता?” तर ती म्हणे, “काही नाही, घरीच असते.” या उत्तराविषयी मला आज बोलायचे आहे. कारण हा प्रश्न विचारायला माणूस पुन्हा आपल्या दारी येणार आहे.

येथे नव्याने राहायला आलेल्या पुष्कळ भगिनी समोर बसल्या आहेत. त्यांनी बेलपाडा पाहिला तो उंच इमारतींचा. आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून तर मेट्रोच्या स्टेशनालाही आपल्या गावचे नाव आहे. मी १९६९ साली येथे सून होऊन आले, तेव्हा एका बाजूला खारघरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये भातखाचरे, एवढाच पसारा होता. डोंगराने लाकूड द्यावे, खाडीने मासळी द्यावी, खाचराने भात आणि पेंढा द्यावा, आणि त्या पेंढ्यावर म्हैस जगावी, असा तो संसार होता.

लाकडाचा आणि पनवेलचा संबंध फार जुना आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हापासून मुंबईचा माल मचव्यांनी खाडीतून पनवेल बंदरात उतरे आणि बैलगाड्यांनी घाटावर जाई. गाड्या आल्या की चाके आली आणि चाके आली की सुतार आले. पनवेलची गाडीची चाके त्या काळी नावाजलेली होती. १८५२ साली येथे नगरपालिका झाली, यावरून गावाची भरभराट ध्यानी येईल. पुढे १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली आणि बंदराची वर्दळ ओसरू लागली. पण मुंबईच्या चुली काही विझल्या नव्हत्या. जळाऊ लाकूड आणि कोळसा या किनाऱ्यावरून मुंबईला जातच राहिला.

हे झाले व्यापाऱ्यांचे लाकूड. शेतकऱ्याच्या घरचे लाकूड निराळे. ज्यांनी राब भाजलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचे रोप तयार करायच्या तुकड्यावर आधी शेण पसरायचे, त्यावर झाडांचे टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि वर मातीचा थर देऊन तो उन्हाळ्यात पेटवायचा. जमीन भाजून निघाली म्हणजे तण मरते आणि रोप जोमदार येते. खारातल्या शेताला राब नसे. तेथे बियाण्याला मोड आणून रहू फेकत. पण गोड्या जमिनीत राब हवाच. आता बघा, राबाचे शेण कोणी गोळा केले? टहाळाचे भारे डोक्यावरून कोणी आणले? पुरुष झाडावर चढून फांदी छाटी, हे खरे. खाली पडलेली फांदी शेतापर्यंत पोचवणारी मात्र बहुतेक वेळा बाईच असे.

इंग्रज सरकारने १८७८ चा जंगल कायदा केला, जंगले राखीव झाली, आणि टहाळाच्या भाऱ्यालाही परवानगीची गोष्ट झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यावरून इतका असंतोष माजला की, १८८५ साली सरकारला चौकशीसाठी मंडळ नेमावे लागले. तरी दुखणे गेले नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणकडच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होते. रानाच्या एका फांदीसाठी माणसे प्राण का देतात, हे ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांना चटकन समजायचे नाही. ज्या बाईची चूल पावसाळ्यात ओल्या लाकडाने धुमसली आहे, तिला ते समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या घरी वर्षाचे सरपण पावसाआधी भरून ठेवावे लागे. काही मोळ्या आम्ही डोंगरावरच्या पाड्यांतून येणाऱ्या आदिवासी भगिनींकडून घेत असू. त्या पहाटे निघत, उन्हे वर येईपर्यंत गावात पोचत, आणि मोळी देऊन मीठमिरची नि सुकी मासळी घेऊन डोंगर चढून परत जात. काही सरपण आमचे आम्ही आणत असू. खाडीकडची तिवराची फाटीही जळणाला येत. आज तिवरांचे महत्त्व आपल्याला कळले आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली ती तोडण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. शिवाय गोवऱ्या होत्याच. थापायच्या, वाळवायच्या, उडवी रचायची, ती पावसाआधी शाकारायची.

आता चरवीकडे वळते. आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. पहाटे चारला सासूबाई उठत. आधी शेण भरायचे, मूत काढायचे, मग आंबोण कालवायचे, मग पारडू सोडून म्हैस पान्हवायची आणि कास धुऊन धार काढायची. म्हैस मोठी मानी असते. परक्या हाताला पान्हा सोडत नाही. सासूबाई माहेरी गेल्या तर दूध निम्म्यावर येई. मी सून होऊन आल्यावर त्यांनी मला सहा महिने नुसते आंबोण घालायला लावले; म्हशीला माझा वास ओळखीचा झाला, तेव्हा कोठे चरवी माझ्या हाती दिली. दूध काढून झाले की, मामंजी सायकलला किटल्या लावून पनवेलात रतीब घालायला जात. सगळे पनवेल त्यांना दूधवाले म्हणून ओळखी. महिनाअखेर हिशेब होई आणि पैसे त्यांच्याच हाती येत. मामंजी कष्टाळू आणि सज्जन होते, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु पान्हा कोणाच्या हाताला येत होता आणि पैसा कोणाच्या हाती येत होता, हे मी दररोज पाहत होते. ज्याच्या हाती पैसा पडतो, त्याचेच ते काम असे समजण्याची आपली रीत आहे. सासूबाईंचीही समजूत तीच. “मी कसली कामाला जाते? मी घरीच,” असे त्या सांगत, आणि सांगताना हाताला शेण लागलेले असे.

त्याच सुमारास मुंबईच्या दुधाचा प्रश्न केवढा मोठा होता ते पाहा. १९४५ पासून आणंदचे दूध रेल्वेने मुंबईला येऊ लागले. शहरातले तबेले बाहेर नेण्यासाठी सरकारने १९४९ साली आरे वसाहत उभारायला घेतली. पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ साली तिचे उद्‌घाटन झाले. सरकारने ज्या वस्तूसाठी एवढा खटाटोप केला, तीच वस्तू घरोघरी निर्माण करणारी बाई मात्र आपल्याच तोंडाने स्वतःला ‘काही न करणारी’ म्हणत होती!

पुढे काय झाले ते आपल्यापैकी पुष्कळजणींनी भोगले आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भात गेले, म्हणजे नुसता तांदूळ गेला नाही, पेंढा गेला. चरायची माळराने गेली. विकतचा पेंढा, विकतची सरकी आणि पेंड यांवर दोन म्हशींचा गोठा परवडेना. आमची शेवटची म्हैस विकली, तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. जमिनीचा मोबदला आला तो सातबाऱ्यावर ज्यांचे नाव होते त्यांना. गोठ्याचा सातबारा नसतो, आणि धार काढणाऱ्या हाताचा तर नसतोच नसतो. त्यामुळे सासूबाईंचा रोजगार बुडाला, असे कोणी म्हटले नाही. बुडायला तो आधी मोजलेला असावा लागतो.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढा झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या लढ्यात बायकाही उतरल्या होत्या. पण भूखंडाच्या कागदावर पुष्कळ घरी पुन्हा भावाचे आणि मुलाचेच नाव लागले. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींना. साऱ्या देशात तो २००५ च्या कायद्याने आला. आणि हा हक्क मुलीला जन्मतःच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा बदलला, पण “मी काय करते? काहीच नाही” हे वाक्य कायद्याने बदलता येत नाही. ते आपणच बदलायचे आहे.

आता मुद्द्यावर येते. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे पुढच्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ ही ठरली आहे. गणक दारी येतो तेव्हा घरातले प्रत्येक माणूस काम करते की नाही, हे विचारतो. १९९१ च्या जनगणनेत या प्रश्नाला एक पुस्ती जोडली गेली : शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोल केलेले कामही काम समजावे. २००१ आणि २०११ साली घरच्यापुरते दूध काढणेदेखील कामात धरले गेले. म्हणजे सासूबाईंनी एक पैचे दूध विकले नसते, तरी त्या ‘काम करणाऱ्या’ ठरल्या असत्या. मोळीचे मात्र तसे नाही. विकायला आणलेली मोळी हे काम. स्वतःच्या चुलीसाठी आणलेली मोळी हे काम नाही! डोक्यावरचा भार तोच, वाट तीच, पायात मोडणारा काटाही तोच. हा नियम मला पटत नाही. पण जो हक्क नियमाने आधीच मिळाला आहे, तो तरी आपण का सोडावा?

कोणी म्हणेल, आता बेलपाड्यात म्हशी कोठे आहेत? खरे आहे, दूध पिशवीतून येते. पण डबे करून देणाऱ्या, पापड-मसाले करणाऱ्या, घरी बसून शिवण शिवणाऱ्या, नवऱ्याच्या दुकानात दुपारभर गल्ला सांभाळणाऱ्या किती भगिनी येथे आहेत! त्यांना विचारावे तर उत्तर तेच, “घरीच असते.” दुसरी कोणी म्हणेल, आईच्या मायेची मोजदाद कशाला? मायेची मोजदाद करूच नये. पण मी मोजायला सांगते आहे ती मेहनत. २०१९ साली सरकारने वेळेची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७, असे आढळले. हे आकडे पुढे आले म्हणून त्यांवर बोलता तरी येते. जे मोजलेच नाही, त्यासाठी योजना कोणी आखत नाही, कर्ज कोणी देत नाही आणि नुकसान झाले तर भरपाईही कोणी देत नाही. सासूबाईंच्या गोठ्याने मला हा धडा दिला.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. गणक येतील तेव्हा घरातल्या बाईविषयीचे उत्तर पुरुषाने परस्पर देऊ नये. जिचे काम तिनेच सांगावे. वर्षातून किती महिने आपण ते काम करतो तेही सांगावे, कारण सहा महिन्यांच्या वर आणि खाली अशी त्यांत वर्गवारी असते. दुसरी विनंती मंडळाला. डब्याचे, शिवणाचे, मसाल्याचे काम करणाऱ्या सभासदांची एक साधी वही मंडळाने ठेवावी; नाव, काम, कधीपासून, एवढेच. तिसरी विनंती तरुण मुलींना. राब भाजणाऱ्या, रहू फेकणाऱ्या, धार काढणाऱ्या दोन-चार आजी अजून गावात आहेत. त्यांच्याजवळ बसा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ते छापता येईल.

 बायकांनी दुपारच्या दोन घटका एकत्र बसावे, एवढ्याशा हेतूने सुरू झालेले हे मंडळ आज एकमेकींच्या अडीअडचणीला धावते, याचे मला मोठे समाधान वाटते. त्याची अशीच भरभराट होवो.