आठ डोळ्यांचा फोटो

भिंतीवर टुणकन उडी मारून माशी पकडणारा कोळी तुम्ही पाहिलाच असेल. त्याला 8 डोळे. समोरचे 2 सर्वांत टपोरे. ते टिपायला कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शकाचं भिंग जोडतात. पण दहापट भिंगातून एका वेळी मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग स्पष्ट दिसतो. डोळा नीट दिसला, की मागचे केस धूसर! म्हणून कॅमेरा कणाकणाने पुढे सरकवत शंभरेक फोटो काढतात आणि त्यांतले स्पष्ट भाग संगणकावर जोडतात. चकाकी टाळायला फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावतात. जिवंत कोळी एवढा वेळ थांबत नाही. तेव्हा नवशिक्यांनो, कोपऱ्यात सापडणारी कोळ्याची कात घ्या. तिच्यात विषदंतांचं आवरणही शाबूत असतं. फोटोसाठी कोळी मारायची गरजच नाही.