पुढच्या ब्रेकची भीती



मोटारसायकलवाल्यांच्या मेळाव्यात वाद पेटवायला फार कष्ट लागत नाहीत. बुलेट चांगली की जावा, एवढे विचारले की पुरे. पानातली भाजी थंड होते, वाद होत नाही. बुलेटवाल्याला तिच्या ठोक्याशिवाय करमत नाही. आरएक्स-100 वाल्याच्या मते आपल्या 98 सीसीच्या टू-स्ट्रोकपुढे साडेतीनशे सीसीचे ते धूड म्हणजे नुसता आवाज. स्प्लेंडरवाला मागच्या रांगेत गप्प बसलेला असतो, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते. आजचे हे भाषण मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायला थोडे वळण घेऊन जावे लागेल.

एके काळी गाडी चालवण्याआधी ती कळावी लागे. मद्रासमध्ये 1955 साली एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इथली झाली. ती जुनी बुलेट सुरू करणे हा एक विधीच होता. किक हळूहळू दाबत अॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसरची छोटी कळ दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, कळ सोडायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकून किक मारायची. अंदाज चुकला की किक उलटी येई आणि नडगी आठवडाभर सुजलेली राही. म्हैसूरच्या जावाचा थाट आणखी वेगळा. तिच्या गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होई. बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. त्यामुळे बुलेटवर पाय बसलेला माणूस शेजाऱ्याची गाडी घेऊन निघाला की ऐन चौकात ब्रेक समजून गिअर दाबायचा.

मग 1985 साली हिरो होंडाची सीडी-100 आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिच्या जाहिरातीचा सूर होता. लोकांनी तो मनावर घेतला. ‘अॅव्हरेज किती देते?’ हा गाडीबद्दलचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा प्रश्न ठरला. स्वारांची दोन घराणी इथे वेगळी झाली. एकाला यंत्राशी बोलायचे होते, दुसऱ्याला वेळेवर कामावर पोचायचे होते.

हे भांडण आपलेच आहे असे नाही. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकी लेखकाने 1968 साली आपल्या मुलाला मागे बसवून होंडावरून लांबचा प्रवास केला. त्यातून 1974 साली ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक आले. छापून येण्याआधी ते 121 प्रकाशकांनी नाकारले होते. पर्सिग काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. पुस्तकात त्याच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होते. पर्सिग सुचवतो की बिअरच्या डब्याची पत्री कापून मध्ये घालू, घट्ट बसेल. मित्र दुखावतो. एवढ्या महागड्या जर्मन गाडीला भंगारातला पत्रा? पत्रा कामाला अगदी योग्य असतो, पण मित्राला गाडी उघडून आत बघायचेच नसते. त्याला फक्त वारा हवा असतो.

अध्यक्ष म्हणून माझे मत विचाराल तर पर्सिग बरोबर आहे, पण पुरता नाही. सुट्टीवर निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला बसून टॅपेट ऐकायला वेळ असतो. ज्याची रोजची मजुरी गाडीच्या दोन चाकांवर ठरते, त्याला बंद न पडणारी गाडी हवी असते. त्याची ती गरज आळसात जमा करता येत नाही.

मोटारसायकलस्वाराचे जे चित्र जगभर फिरले, त्यातही हा माणूस नाही. 1947 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरली आणि थोडा धिंगाणा झाला. बाटल्यांच्या ढिगात हार्लेवर रेललेल्या एका माणसाचा फोटो ‘लाइफ’ साप्ताहिकाने छापला. 1953 साली मार्लन ब्रँडो ‘द वाइल्ड वन’मध्ये ट्रायम्फवर बसला आणि लेदर जॅकेटवाला गुंड हा पडद्यावरचा कायमचा पाहुणा झाला. 1963 मध्ये होंडाने अमेरिकेत याच्या नेमकी उलटी जाहिरात केली. गृहिणी, विद्यार्थी, नवरा-बायको अशी साधी, सज्जन माणसे कंपनीच्या छोट्या गाड्यांवर हसत निघालेली दाखवली. होंडाची सुपर कब 1958 पासून बनते आहे आणि 2017 पर्यंत तिचा दहा कोटींचा आकडा पार झाला. गुंडाचे चित्र भिंतीवर राहिले, रस्ता मात्र सज्जनांनी व्यापला.

आपल्याकडचे सज्जन कोण? पहाटे राजदूतच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून शहरात येणारा गवळी. पाठीवर चौकोनी पेटी घेऊन, हँडलला अडकवलेल्या मोबाइलवर नकाशा बघत तिसऱ्या मजल्याच्या बेलपर्यंत धावणारा मुलगा. आणि गोव्याचा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. पणजी, म्हापसा, मडगावात पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन हा उभा असतो. मागे अनोळखी माणूस बसतो, त्याच्या मांडीवर बॅग, कधी बाजाराची पिशवी. वळणावर गाडी झुकली की घाबरलेला प्रवासी हमखास उलट्या बाजूला कलतो. पायलटला ते पाठीतूनच कळते आणि तो वळण थोडे रुंद घेतो. मागच्या माणसाचे वजन पाठीने ओळखणे ही स्वारीची फार वरची पायरी आहे. ती चढलेल्या माणसाला आपल्या संमेलनाचे निमंत्रण मात्र कधी गेलेले नाही. लडाखला जाऊन आलेल्यांना जाते. खारदुंगला खिंडीतल्या पाटीवर कित्येक वर्षे 18,380 फूट लिहिलेले असे, प्रत्यक्षात ती 17,582 फुटांच्या आसपास आहे. पाटीपुढे काढलेल्या फोटोत ते आठशे फूट दिसत नसत, म्हणून सगळे खूश असत.

आता थोडे कटू बोलायचे आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्यामुळे गेलेल्यांची नोंद 50,029 आहे. त्यांत 35,692 चालवणारे आणि 14,337 मागे बसलेले. मागे बसलेल्यांच्या हातात ना अॅक्सिलरेटर होता, ना ब्रेक.

पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात, समित्या होतात. मान दुखते, केस जातात, हॉर्न ऐकू येत नाही, आणि मुख्य म्हणजे शहरात एवढा वेग असतोच कुठे! या शेवटच्या मुद्द्याचे उत्तर 1981 सालीच मिळाले आहे. हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिस परिसरात मोटारसायकलचे नऊशे अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. अपघाताआधीचा मध्यक वेग ताशी तीस मैलांहूनही किंचित कमी, म्हणजे सुमारे 48 किलोमीटर निघाला. निम्मे अपघात त्याहून कमी वेगातले. लक्ष्मी रोडवर नसेल, पण सिंहगड रोडवर हा वेग कोणालाही सहज गाठता येतो. बहुतेक स्वारांना सावरायला दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ मिळाला होता. आणि त्या दोन सेकंदांत त्यांनी काय केले? मागचा ब्रेक करकचून दाबला, गाडी घसरवली, आणि पुढचा ब्रेक पुरता वापरलाच नाही.

हे ओळखीचे वाटते ना? ‘पुढचा ब्रेक मारू नको, पडशील’ हा आपल्याकडे मोठ्या भावाने धाकट्याला दिलेला पहिला धडा. सायकलवर वाळूत पडलेल्या कोणा एकाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या मोटारसायकलला लागू होत आला. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते. थांबण्याची ताकद त्यामुळे मुख्यतः पुढच्या चाकात असते. एकदम आवळले तर चाक अडकते, हे खरेच. चार बोटांनी हळूहळू, वाढत्या जोराने दाबले तर गाडी नाक खाली करून शहाण्यासारखी उभी राहते. वळणाचेही तसेच. वेगात डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. वर्षानुवर्षे चालवणारे सगळे नकळत तेच करतात आणि विचारले तर ठामपणे उलटे सांगतात. संकटात हात मग त्या सांगण्याप्रमाणे वागतात आणि गाडी समोरच्या ट्रॅक्टरकडे सरळ जाते.

एप्रिल 2018 पासून 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलना चाक अडकू न देणारे एबीएस सक्तीचे झाले. स्प्लेंडर या रेषेखालची. तिच्या वाट्याला जोडब्रेक आला: मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. स्वाराला पुढचा ब्रेक शिकवण्याऐवजी तो त्याच्या नकळत लावून द्यायची ही सोय. तिने जीव वाचतात, म्हणून तक्रार नाही. पण शिकवायचे राहिले ते राहिलेच.

वेगाच्या भक्तांसाठी एकच उदाहरण. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे अरेबियाचा लॉरेन्स, त्या काळातल्या सर्वांत महागड्या मोटारसायकलींपैकी एक असलेल्या ब्रो सुपीरियरचा वेडा होता. एकामागून एक सात घेतल्या, आठवीची ऑर्डर दिलेली होती. मे 1935 मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये, घराजवळच्या रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्यावर काही नव्हते. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, 1941 साली तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट घालावे लागले. आज चौक आला की कोपराला लटकवलेले हेल्मेट घाईने डोक्यावर चढते, पट्टा तसाच लोंबकळत राहतो. पट्टा न लावलेले हेल्मेट आपटण्याआधीच निघून जाते. ते पोलिसांसाठी असते.

पुढच्या वर्षीच्या संमेलनासाठी दोन सूचना संयोजकांकडे दिल्या आहेत. पहिल्या सत्रात गोव्याचे पायलट आणि घरपोच सामान पोचवणारे स्वार बोलतील, लडाखच्या स्लाइड दुपारी जेवणानंतर दाखवाव्यात. आणि ‘सर्वांत लांबचा प्रवास’ या ढालीच्या जोडीला सर्वांत कमी अंतरात, सरळ रेषेत गाडी थांबवणाऱ्याला एक ढाल असावी.

दुसऱ्या सूचनेची तयारी याच वर्षी सुरू होते आहे. उद्या सकाळी साडेसहाला मागच्या मैदानावर ब्रेकचा सराव आहे, ताशी तीस किलोमीटरपासून सुरुवात. चहा नंतर. टायरमधली हवा आज रात्रीच तपासून ठेवावी, आणि ज्यांच्या पुढच्या ब्रेकची केबल गंजलेली आहे त्यांनी ती आधी बदलून घ्यावी. दुकान फाटकाशेजारीच आहे, नऊपर्यंत उघडे असते.