मुंबईला जाण्याआधी घरात मांडायचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात एका कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधीचे वक्ते कापसाच्या भावाबद्दल बोलले, विजेबद्दल बोलले. मी काही भाषण करणारा माणूस नाही. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या घरात पोळ्याच्या रात्री जे झालं तेच इथं सांगा. इथं बसलेल्या निम्म्या घरांत तेच चाललं आहे. म्हणून उभा राहिलो.

२०२५ चा पोळा. बैल दावणीला बांधले, पुरणाचं ताट पुढे आलं आणि धाकटा पोरगा मान खाली घालून म्हणाला, "बाबा, यंदाची वेचणी झाली की मी मुंबईला जातो. हिला आणि पोरीला घेऊन जातो." जेवण तिथंच थांबलं. त्याची आई काही बोलली नाही. मी मात्र लगेच बोललो, "काही जायचं नाही." आणि उठलो.

रात्रभर डोळा लागला नाही. कारण १९८८ साली मी माझ्या बापाला विचारलंही नव्हतं. शेगावहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी दादरला उतरलो. सहा वर्षं मुंबईत काढली. जो स्वतः गेला त्याने पोराला "जायचं नाही" म्हणायचं, याला काही अर्थ नाही. सकाळी पोराला हाक मारली, वही काढली आणि म्हटलं, "बस. तू म्हणतोस म्हणून जायचं नाही, मी म्हणतो म्हणून राहायचं नाही. हिशेब काय म्हणतो ते पाहू."

आधी घरचा हिशेब मांडला. पाच एकर कोरडवाहू. चार एकर कापूस, एक एकर ज्वारी. पाऊस बरा झाला तर एकरी पाच क्विंटल, म्हणजे वीस क्विंटल. त्याच आठवड्यात, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं होतं. पुढे ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला, पण हमीभाव कागदावर आणि गाडी व्यापाऱ्याच्या दारात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ७,००० धरले. झाले १ लाख ४० हजार. बियाणं, खत, फवारे, निंदण, वेचणी मिळून एकरी २५ हजार खर्च, म्हणजे १ लाख. उरले ४० हजार. महिन्याला सव्वातीन हजार. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. बोंडअळी आली तर उरलेलंही जाणार. २०१७ आपण कोणी विसरलो नाही.

वहीतला तो आकडा पाहून मी पोराला काहीच बोलू शकलो नाही. जाणाऱ्याला "मातीशी बेइमानी करतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना म्हणावं, सव्वातीन हजारात महिनाभर घर चालवून दाखवा आणि मग आम्हाला मातीचं सांगा.

मग मुंबईचा हिशेब मांडला. ओळखीच्याने काम सांगितलं होतं. इमारतीवर वॉचमन, बारा तासांची ड्यूटी, हातात १८ हजार. पोराला ते अठरा हजार डोंगराएवढे दिसत होते. मी म्हटलं, "लिही." दिव्याला एक खोली, भाडं ७ हजार. लाइट-पाणी १ हजार. लोकलचा पास, रिक्षा बाराशे. तीन माणसांचं धान्य, भाजी, गॅस ७ हजार. पोरीची शाळा, फोन, दवापाणी अठराशे. बेरीज कर. बेरीज आली बरोबर अठरा हजार. हाती शून्य.

आणि हे खोली मिळाल्यावरचं. खोली मिळवायला डिपॉझिट ३० हजार, दलालाला एक महिन्याचं भाडं ७ हजार, पहिल्या महिन्याचं आगाऊ ७ हजार. झाले ४४ हजार. आणायचे कुठून? गावातून तीन रुपये शेकड्याने काढले तर महिन्याला १,३२० रुपये नुसतं व्याज. शून्यातून तेराशे वजा करा. करार अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात मालक म्हणेल भाडं वाढवा, नाहीतर खोली सोडा. म्हणजे दलाली पुन्हा.

भावांनो, ही मेख समजून घ्या. मुंबईत पगार आपल्यापेक्षा जास्त आहे, पण जागा त्याहून किती तरी पटीने महाग आहे. का? शहर पसरायचं तर जमीन लागते. नागपूर चारी बाजूंनी पसरतं. मुंबईला तीन बाजूंनी पाणी. सात बेटं भरून ते गाव झालं. पसरायला एक उत्तरेची बाजू, नाहीतर खाडीपलीकडे. म्हणून गरीब माणूस रेल्वेच्या रुळाने लांब लांब जातो: दिवा, बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार. वाचलेलं भाडं तो वेळेत भरतो, आणि कधी जिवाने. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडून मेली, ती अशीच कामाला निघालेली होती. बारा तास ड्यूटी आणि तीन तास लोकल. उरलेल्या नऊ तासांत झोप, स्वयंपाक, पोरगी, सगळं.

त्याच वहीत दुसरा हिशेब मांडला, एकट्याचा. चौघांत खोली, वाट्याला दोन हजार. खानावळ साडेतीन हजार. पास, फोन, किरकोळ अडीच हजार. झाले आठ हजार. उरले दहा. काम तेच, पगार तोच. पण बिऱ्हाड नेलं तर शून्य आणि एकटा गेला तर दहा हजार. त्यातून जाण्यायेण्याचं, आजारपणाचं वजा करा, तरी सात-आठ हजार घरी येतात.

आता थोडं मागचं सांगतो, कारण ही वाट काही आज पडलेली नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसांत लढाई झाली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा आपल्या वऱ्हाडाच्या, खानदेशच्या कापसाला मागणी आली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावला. ती माणसांसाठी आधी नव्हती, कापसाच्या गाठींसाठी होती. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ ला स्थापन झाली आणि पुढे गिरणगाव उभं राहिलं. आपला कापूस तिथं गेला, पण कामगार मुख्यतः कोकणातला आणि घाटावरचा.

त्या कामगारांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माणूस गिरणीत, पण घर आणि शेत गावात. बायको-लेकरं गावी, हा खानावळीत जेवणार, मनीऑर्डर पाठवणार. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप कधी मिटलाच नाही. गिरण्या मोडल्या, त्यांच्या जागेवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. त्या दिवसांत तगला कोण? ज्याची गावाकडे दोन पायली भात पिकवणारी जमीन शाबूत होती तो. २०२० साली पुन्हा तेच. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि माणसं नाशिकच्या रस्त्याने पायी निघाली. पोहोचायला गाव होतं म्हणून निघाली. ज्याने गावचं विकून खोली घेतली होती त्याला कुठं जायचं हेच नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट पदराला बांधा: जा, पण जमीन विकून जाऊ नका. बटईने द्या, ठोक्याने द्या, भावाला करू द्या. सातबाऱ्यावरचं नाव हलू देऊ नका आणि पिकाची नोंद दरवर्षी पाहत जा. विकलेलं एक एकर मुंबईच्या पगारातून परत घेतलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट, झोपडी विकत घेऊ नका. नोटरीच्या कागदावर "पक्की होणार" म्हणून खोल्या विकणारे पुष्कळ आहेत. मोफत पुनर्वसन १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपड्यांना. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. आज घेतलेल्या नव्या झोपडीला यातलं काही लागू नाही.

तिसरी गोष्ट, काम लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. १९८९ साली अशाच एकाला मी बैलजोडीचे पैसे दिले. तो पुन्हा दिसला नाही. नंतर एका ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार बुडवला. बापाला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज सांगतो, कारण लाज वाटून आपण गप्प बसतो आणि पुढचा त्याच खड्ड्यात पडतो.

एक सोय मात्र आमच्या वेळेपेक्षा बरी आहे. रेशनकार्ड गावचं असलं तरी अंगठा लावून तिथल्या दुकानात धान्य मिळतं. जाताना कार्डावरची सगळ्यांची आधार जोडणी तपासून घ्या.

आता मायबहिणींचं बोलतो. वहीचा हिशेब झाला, एकट्याने जावं असं ठरत आलं, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली पोराची आई म्हणाली, "दोघांनी ठरवलं का? तिला विचारलं का?" मी म्हटलं, "तिथं पाणी चार वाजता येतं, संडासाला रांग, तिथं बाईमाणसाचे हाल होतात." ती म्हणाली, "इथं काय होतं? मी तुमच्याबरोबर चार वर्षं राहिले. चार घरची भांडी घासली. माझ्या हातात माझा पैसा पहिल्यांदा तिथं आला. तुम्ही १९९४ ला परत आणलंत, तेव्हा मला कुठं विचारलं?"

मायबहिणींनो, एकतीस वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. मी जातानाही विचारलं नव्हतं, येतानाही नाही. मागे राहणाऱ्या बाईच्या माथी निंदण, वेचणी, ढोरं, सासू-सासरे आणि बँकेची पायपीट येते, आणि कागदावर तिचं नाव कुठंच नसतं. घरच्यांनो, हा खर्च आपल्या कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "मला राहायचंही नाही आणि न पाहता जायचंही नाही. आधी यांनी जावं. उन्हाळ्यात मी पंधरा दिवस जाऊन पाहीन, मग दोघं मिळून ठरवू. आणि पैसे माझ्या खात्यावर यावेत." आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यांत शहाणं बोलणं तिचं झालं.

मग असं ठरलं. वेचणी संपवून, संक्रांत करून जायचं. मृगाच्या आधी परत यायचं. कोरडवाहूत माघ-फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तसाही हात रिकामा असतो. व्याजाने पैसा काढायचा नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे आईजवळ ठेवायचे. आणि मुंबईआधी नागपूर, बुटीबोरी, संभाजीनगर, पुणे इथं विचारून यायचं. जो पगार तिथं पंधरा हजार आणि खोली तीन हजार असेल तिथं मुंबईपेक्षा जास्त उरतं आणि हाक मारली तर रात्रीत घरी येता येतं. पोरगा नागपूरला जाऊन आला. काम होतं, पण महिन्यातून वीस दिवसच. म्हणून मुंबईच धरली.

तो गेला. पहिल्या महिन्याला सात हजार आले, सूनबाईच्या खात्यावर. दुसऱ्या महिन्यात ताप आला, साडेचार आले. फोनवर म्हणतो, बरं आहे. मीही बापाला तेच कळवत होतो, त्यामुळे त्या "बरं आहे"चा अर्थ मला कळतो. समुद्र पाहिला का विचारलं तर म्हणाला, अजून वेळ नाही मिळाला.

भावांनो, मुंबई वाईट नाही आणि ती स्वर्गही नाही. २६ जुलै २००५ ला तिथं एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आपल्या बऱ्याच तालुक्यांत सबंध वर्षात तेवढा होत नाही. तरी तिसऱ्या दिवशी माणसं कामाला निघाली. ते शहर कष्टाळू माणसाला काम देतं. जागा देत नाही. हा फरक ओळखून जो जातो तो काही तरी घेऊन परततो.

ज्यांच्या घरी हा विषय निघेल त्यांनी रागावून उठू नका, मी उठलो तसं. वही काढा. दोन्हीकडचा खर्च लिहा. बिऱ्हाडाचा आणि एकट्याचा वेगळा लिहा. पैसा कुठून काढणार ते लिहा. परत यायची वाट उघडी आहे का ते लिहा. आणि वही मिटण्याआधी चुलीपाशी बसलेल्या माणसाला विचारा.

आमचं ठरलं ते बरोबर की चूक, हे मृगाला कळेल. पुढच्या मेळाव्यात उभा राहून सांगेन, चूक निघाली तरी सांगेन.