सुट्टीतील व्यायाम

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



उन्हाळा जवळ आला की लखनौतील मराठी घरांत पुष्पक एक्स्प्रेसच्या आरक्षणाची चर्चा सुरू होते. केंद्र सरकारच्या सेवेतील आम्हा मंडळींना दोन वर्षांतून एकदा स्वग्रामी जाण्याची प्रवास-सवलत मिळते व तिचा लाभ आपण सहसा सोडत नाही. गावी पोहोचल्यावर मात्र आमरस, पुरणपोळी, दुपारची दीर्घ निद्रा आणि मध्यरात्रीपर्यंत गप्पा, असा क्रम सुरू होतो. या आनंदास आमचा विरोध नाही. परंतु वर्षभर खुर्चीत बसलेला देह सुट्टीतही बसूनच राहिला, तर त्यास विसावा मिळाला असे कसे म्हणावे?

पाहुण्यांनी भरलेल्या घरात व्यायाम कोठे करावा, अशी सबब आपण पुढे करतो. औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी या सबबीचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. या व्यायामास सतरंजीएवढी जागा पुरते. पहाटेचे अंगण किंवा गच्ची मिळाली तर उत्तमच. सवय मोडली असल्यास तीन-चार नमस्कारांनी आरंभ करावा व संख्या हळूहळू वाढवावी. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी वैद्याचा सल्ला घ्यावा.

नमस्कारांच्या जोडीला चालणे हवे. प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवसांत हा हिशेब पुरा होतो. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, अशी चाल असावी.

ज्यांची सुट्टी येथेच जाते, त्यांनी लू सुटण्यापूर्वी, पहाटेच बाहेर पडावे. गोमतीचा काठ आहे, सिकंदरबागेचे वनस्पती उद्यान आहे. २०१४ साली खुले झालेले जनेश्वर मिश्र उद्यान तर तब्बल ३७६ एकरांचे आहे.

घरापासून दूर असलेल्यांनी व्यायाम जपावा, हा धडा आपल्या शेजारच्याच भूमीत आहे. १८१८ साली राज्य गमावून दुसरे बाजीराव कानपूरनजीक ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, येऊन राहिले. त्यांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबाचे पुनरुज्जीवक मानले जातात. नानासाहेब, तात्या टोपे व मनू यांनी बिठूरलाच व्यायामाचे व शस्त्रविद्येचे धडे गिरविले, असे परंपरा सांगते. पुणे सुटले, तरी तालीम सुटली नाही.

निवृत्तीनंतर गावी परतण्याचे मनोरथ आपण सारेच करतो. परंतु तेव्हा पर्वतीच्या पायऱ्या वा सिंहगडाची चढण चढावयास गुडघे साथ देतील काय? आणि येथे वाढलेल्या आपल्या मुलांना त्या वाटा दाखविणार कोण? यंदा गावी गेल्यावर निदान एक सकाळ मुलानातवंडांना बरोबर घेऊन जवळचा गड वा टेकडी पायी चढावी, एवढीच आमची विनंती आहे. आमरस परतल्यावर अधिक गोड लागेल.