मोजायचं की मापायचं?



आपल्या बचत गटांचा मसाला, पापड, लोणचं आता तालुक्याबाहेर जातं. ऑर्डरी मोबाइलवर येतात, कधी कधी इंग्रजीत. मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे मुलं घरी विचारणारच. म्हणून आज इंग्रजीतली एक छोटी पण कामाची गोष्ट बघू.

शेजारणीकडे आपण 'दोन लिंबं द्या' म्हणतो. 'दोन पीठ द्या' म्हणत नाही, 'वाटीभर पीठ द्या' म्हणतो. काही वस्तू मोजायच्या, काही मापायच्या. इंग्रजीतही तसंच आहे. मोजायची वस्तू एक असेल तर आधी 'अ' किंवा 'ॲन' येतो: अ लेमन, ॲन ऑनियन. पाणी, तेल, मीठ यांना तो लावत नाहीत. तिथे म्हणायचं सम वॉटर, सम सॉल्ट. नेमकं सांगायचं तर माप घालायचं: अ ग्लास ऑफ वॉटर, टू किलोज ऑफ सॉल्ट. ठरावीक वस्तू दाखवायची असेल तर 'द' मात्र दोन्हींना चालतो: द लेमन, द सॉल्ट.

घोळ होतो तो पुढे. आपण 'तांदूळ संपले', 'पैसे आले' असं अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत राइस आणि मनी हे मापायचे शब्द, म्हणून एकवचनी. मनी मोजत नाहीत, रुपये मोजतात. इन्फॉर्मेशन आणि फर्निचर हेही मापायच्याच रांगेत.

आपला 'किती' सगळीकडे चालतो. इंग्रजीत दोन आहेत: हाउ मेनी पापड्स, पण हाउ मच ऑइल. 'थोडे' हेही तसंच: अ फ्यू पापड्स, पण अ लिटल ऑइल.

इथे तो इवलासा 'अ' विसरू नका. 'वी हॅव अ लिटल मसाला' म्हणजे थोडा मसाला आहे. 'वी हॅव लिटल मसाला' म्हणजे जवळजवळ नाहीच. एवढ्यावरून गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.

आणि समजा, निरोप आला, 'सेंड टेन चिली पावडर'. दहा किलो की दहा पाकिटं? तिखट कांडण्याआधी विचारून घ्या: 'टेन किलोज ऑर टेन पॅकेट्स?' पाकीट केवढं, २०० ग्रॅमचं की ५०० चं, तेही विचारा. नाहीतर मिरचीचा, कांडपाचा खर्च गटाच्या अंगावर पडतो.

पुढच्या बैठकीत एक खेळ खेळा. एकीने स्वयंपाकघरातल्या वस्तूचं नाव घ्यायचं, दुसरीने सांगायचं, मेनी की मच. मुलांनाही सोबत बसवा. आपल्याला मापाची पारख आहेच, फक्त शब्द नवे आहेत.